साडू आणि दुसरी सिस्टीम

माझ्या थोरल्या साडूंइतका चालू वस्तूंवर अविश्वास असलेला माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात सापडणार नाही. बंद पडलेल्या यंत्राबद्दल त्यांची काही तक्रार नसते. ते बिचारं निदान खरं बोलतंय, असं त्यांना वाटतं. पण बिनतक्रार फिरणारा पंखा किंवा लग्नात मिळाल्यापासून एकदाही न बिघडलेला मिक्सर दिसला, की त्यांचे डोळे बारीक होतात. "चालतंय म्हंजे बरं हाय असं न्हवं, पावणं," ते म्हणतात. "कुनी उघडून बघितलं न्हाय, एवढाच त्याचा अर्थ." आणि शर्टाच्या खिशातून स्क्रूड्रायव्हर बाहेर येतो. तो खिशात नाही असं मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. पेठ वडगावला एका भाच्याच्या साखरपुड्यात स्टेजवरचा पंखा टकटक करत होता, तेव्हा अंगठ्या घालायच्या ऐन वेळी साडू खुर्चीवर चढले. त्या समारंभाच्या अल्बमात मुलामुलीच्या डोक्यांच्या बरोबर मध्ये करड्या मोज्यांतले दोन पाय दिसतात. मुलीकडची मंडळी आजही तो विषय काढतात. साडूंचं उत्तर एकच असतं, "टकटक थांबली का न्हाय?"

गडमुडशिंगीला त्यांचं घर, थोडं रान आणि दोन म्हशी आहेत. एका फाउंड्रीत मेंटेनन्सला त्यांनी उभी हयात काढली. निवृत्त झाल्यावर मुलानं टाकून दिलेला कॉम्प्युटर त्यांनी उघडला आणि तेव्हापासून ते त्याच मार्गाला लागले. त्यांची तपासणी डॉक्टरसारखी असते. "हँग होतोय" असं कुणी म्हणालं तर त्यांना राग येतो. "हँग म्हंजे काय? गपगार बसतोय, का ठसका लागल्यागत करतोय? कवापास्नं? जेवल्यावर का उपाशीपोटी?" जेवण म्हणजे चार्जर, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

आणि घाई हा शब्द त्यांना माहीत नाही. कुठलंही यंत्र उघडण्याआधी ते साबणानं हात धुतात. काढलेला प्रत्येक स्क्रू स्टीलच्या ताटात त्याच्या मूळ जागेप्रमाणे मांडतात, म्हणजे ताटाकडे पाहिलं तर यंत्राचा नकाशाच. माझ्या मेहुणीनं एकदा गडबडीत त्याच ताटात मला भात वाढला. दुसऱ्या घासाला दाताखाली स्क्रू आला. मी तो काढून दाखवला, तेव्हा साडूंनी माझ्या दाताची चौकशी केली नाही. "कुठल्या अंगाला हुता?" एवढंच विचारलं.

तर असे हे साडू एका रविवारी सकाळी आमच्याकडे पोहे खात बसले असताना त्यांची नजर आमच्या लॅपटॉपवर गेली. लॅपटॉप म्हणायला दोघांचा, पण खरा माझ्या बायकोचा. ती शाळेत शिकवते आणि अकरा वर्षांपासून आपल्या भागातल्या शेतीच्या शब्दांचा कोश तयार करते आहे. कोडोलीच्या माहेरच्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेले, आता कुणाच्या तोंडी नसलेले शब्द. तो सगळा कोश त्या लॅपटॉपमध्ये होता. लॅपटॉप सुरू व्हायला पोहे खाऊन चहा होईपर्यंतचा वेळ घ्यायचा आणि कधी कधी मध्येच आपोआप बंद पडायचा. ते मी वयोमान समजून सोडून दिलं होतं.

"ह्यात दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकूया," साडू म्हणाले. "हलकी असती. जुनी बी ऱ्हाईल, नवी बी ऱ्हाईल. एकाच रानात ऊस बी आनि भुईमूग बी. मधी फकस्त बांध घालायचा."

"दाजी, माझा कोश आहे हो त्यात," बायको म्हणाली.

"म्हनून तर इचारतोय, मास्तरीणबाई. कॉपी हाय न्हवं?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. कॉपी काढून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. "आहे की," मी म्हणालो. होतीही. दोन वर्षांपूर्वीची. आज काढू, उद्या काढू, असं करत दोन वर्षं गेली हे त्या क्षणी पोह्यांच्या ताटलीवर सांगणं मला जमलं नाही.

बायको मंडईत गेली. साडूंनी हात धुतले. काम सुरू करण्याआधी त्यांनी मला आणखी दोनदा विचारलं, "कॉपी हाय?" मी दोन्ही वेळा "हाय" म्हणालो, दुसऱ्यांदा तर जरा वैतागून. मग त्यांनी डिस्कवरची जुनी सिस्टीम एका अंगाला सरकवायला लावली, म्हणजे दुसरीसाठी पट्टा मोकळा होईल. पडद्यावर आकडा चढत होता. निम्म्याच्या जरा अलीकडे आला, आणि पडदा निळा झाला. मग काळा. लॅपटॉप आपोआप सुरू झाला, निळा झाला, बंद पडला. पुन्हा सुरू, पुन्हा निळा, पुन्हा बंद. साडू शांत होते. "हरकत न्हाय. कॉपी आना, पुसून नव्यानं बसवू."

मी जागचा हललो नाही. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं. मी दोन वर्षांचं सांगितलं. मला वाटलं आता आवाज चढणार. आमच्याकडे माणसं साधं वर्तमानपत्र मागतात तेही पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असं. पण त्यांनी हात पुसले. लॅपटॉप बंद केला, गळ्यातल्या टॉवेलात गुंडाळला आणि पिशवीत घातला.

जिन्यातच बायको भेटली. "मास्तरीणबाई, चूक झाली," ते म्हणाले. "मी जरा घाई केली. मशीन घिऊन चाललोय. आणून देतो."

मी वर दारात उभा होतो. बोलायची ती वेळ होती. मी बोललो नाही.

पुढचे दोन रविवार आमच्याकडे पोहे झाले नाहीत. बायको माझ्याशी कामापुरतं बोलायची आणि साडूंचं नाव काढत नव्हती. दुसऱ्या रविवारी मला घरात बसवेना, म्हणून मी गडमुडशिंगीला गेलो. घराच्या पुढच्या सोप्यात पाटावर लॅपटॉप उघडा पडला होता, शेजारी स्क्रूचं ताट. मूळ डिस्क त्यांनी पहिल्याच दिवशी बाहेर काढली होती, तिची शब्दन् शब्द नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवली होती आणि मूळ डिस्क मेहुणीच्या कपाटात, साड्यांच्या घडीत ठेवली होती. "अस्सल कागदाला पुन्ना हात लावायचा न्हाय," ते म्हणाले. लॅपटॉपमध्ये एक तिसरीच, रिकामी डिस्क घालून ते तिच्यावर सिस्टीम बसवून बघत होते. ती रोज कोसळत होती.

"एका टायमाला एकच गोष्ट बदलायची," ते मला समजावू लागले. "दोन बदलल्या तर कशानं गुण आला कळत न्हाय. आधी चार्जर बदलला. पडली. गरम हुतंय म्हनून टेबलफॅनम्होरं ठेवली. पडली. डिस्क तर बदललेलीच हाय, तरी पडतीया. आनि बघा, काल सुरवातीलाच पडली, आज शेवटाला जाऊन पडली. दुखणं डिस्कात असतं तर रोज एकाच जाग्याला ठेच लागली असती. हे जागा बदलतंय. म्हंजे पायात न्हाय, डोसक्यात हाय."

डोकं म्हणजे मेमरी. लॅपटॉपच्या पोटात मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. त्यांनी एक काढली आणि सुरू केलं. आम्ही दोघं पाटाशी बसून आकडा बघत राहिलो. पडदा निळा झाला. मग आत उरलेली पट्टी काढून आधी काढलेली घातली. आकडा निम्म्यावर आला, पुढे सरकला. मेहुणीनं चहा आणला, तो गार झाला. आकडा शंभरवर गेला आणि पडद्यावर नवी सिस्टीम उघडली. साडूंनी खराब पट्टी उजेडात धरून उलटीपालटी केली. "ही रोज थोडं थोडं खोटं बोलत हुती," ते म्हणाले. मला उगाचच त्यांच्याकडे बघवेना.

कोश नकलेतून निघाला. पण सगळा नाही. 'स'पासून पुढचं सगळं नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. जुन्या कॉपीत त्यातलं जेमतेम निम्मं होतं. साडूंनी जुनी-नवी दोन्ही सिस्टीम बसवलेला लॅपटॉप आणून बायकोसमोर ठेवला, काय राहिलं ते सांगितलं आणि म्हणाले, "दर ऐतवारी येतो. 'स'पास्नं सांगतो, तुमी लिवा."

आणि ते आले. पावसाळाभर दर रविवारी पोहे आणि 'स'. सापती म्हणजे काय, सौंदर कशाला म्हणायचे, असे बैलांच्या आणि मोटेच्या काळातले शब्द ते हातवारे करून सांगायचे. आठवलं नाही तर गावातल्या म्हाताऱ्यांना फोन लावायचे. अधूनमधून ते 'स्पॅनर' आणि 'सोल्डर' घुसवायचा प्रयत्न करायचे. "शेतातल्या पंपाला लागतोय की," हा त्यांचा युक्तिवाद. बायकोनं तो मान्य केला नाही. 'ह'ला पोचेपर्यंत ती दोघं पुन्हा पहिल्यासारखी भांडायला लागली होती, आणि एका रविवारी मी बघतो आहे हे विसरून तिनं त्यांना जास्तीचं खोबरं वाढलं.

त्याच दिवशी मी तिला खरं सांगितलं. ती भांडी आवरत होती. "मला जिन्यातच कळलं होतं," ती म्हणाली. "दाजींनी आयुष्यात कधी घाई केली आहे का? तू कधी बोलतोस ते मी बघत होते." मग तिनं पुसायला एक ओलं पातेलं माझ्या हातात दिलं.

या गोष्टीला आता चार वर्षं होत आली. साडूंच्या उजव्या हाताला गेल्या वर्षापासून कंप आहे. औषधं चालू आहेत. मागच्या रविवारी लॅपटॉपचा पंखा घरघर करत होता. त्यांनी स्क्रूड्रायव्हर खिशातून काढला, टोक स्क्रूवर ठेवलं, ते घसरलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा घसरलं. मग त्यांनी तो माझ्यापुढे धरला, जणू आधीपासून तसंच ठरलं होतं. मी उठून साबणानं हात धुऊन आलो. ते शेजारी बसून सांगत होते, "उलटा फिरवा. हळू. दाबू नका, त्यो आपसूक येतोय वर." मी पंख्यातली धूळ काढली, स्क्रू एकेक करून परत बसवले. शेवटच्याला ते म्हणाले, "अजून उलिसं. बास."

लॅपटॉप सुरू झाला. काळ्या पडद्यावर दोन्ही सिस्टीमची नावं एकाखाली एक आली, आणि कुठली उघडू म्हणून तो थांबून राहिला. मी साडूंकडे पाहिलं.

"घ्या की कुठली बी," ते म्हणाले, आणि दोन्ही हात त्यांनी सावकाश खिशात घातले.