तिसरीचा खेळ

शेवटच्या होलपाशी माझ्या शेजारीच माझी सई उकिडवी बसून गवताची पाती खुडत होती. तिचा आजचा खेळ संपला होता. समोर तिच्याच संघातली तारा शेवटच्या फटक्यासाठी चेंडूवर वाकली होती. परक्या देशातलं ते मैदान इतकं गप्प झालं होतं, की मला माझ्याच श्वासाची लाज वाटू लागली.

मुलींच्या या सांघिक गोल्फमध्ये खेळतात तिघी, पण गुण धरतात चांगल्या दोघींचेच. तिसरीचं दिवसभराचं ऊन, चालणं, हाताला पडलेले घट्टे, सगळं बाद. ताराचा चेंडू या फटक्यात होलमध्ये पडला तर ती सईच्या एका फटक्याने पुढे; भारताला पदक, आणि बाद होणार ती सई. नाही पडला तर सईचा खेळ धरला जाणार, पण पदक गेलं.

घरात तरी आपण वेगळं काय करतो? कुणाचं राबणं धरायचं आणि कुणाचं सोडून द्यायचं, हे जेवताजेवता ठरून जातं. फक्त तिथे ते फलकावर लागत नाही, एवढंच.

ताराने फटका मारला. चेंडू उतारावरून रेंगाळत निघाला. आई म्हणून काय मागावं, तेच मला सुचेना. मी डोळे गच्च मिटून घेतले.

शेजारून सईची कुजबुज ऐकू आली, "पड ना रे, पड, पड!"

चेंडू पडल्याचा आवाज मला ऐकूच आला नाही. त्याआधी सईची आरोळी आली.