लंगोट बघणारे डॉक्टर

बाळाचं तोंड पाहण्याआधी त्याचा लंगोट पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. देवासच्या ज्या दवाखान्यात मी व्यवस्थापक होतो, तिथे ते अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे डॉक्टर होते. ओंजळीत मावतील अशी ती बाळं काचेच्या पेटीत असत. डॉक्टर आत आले की आधी लंगोट उलगडत, रंग बघत, वास घेत. एकदा मनावर गावची एक आजी वैतागून म्हणाली, "अरे भिया, पहले छोरे का मुंडा तो देख लो!" डॉक्टर म्हणाले, "मांजी, मुंडा तो सबका अच्छा ही रहता है. खबर नीचे से आती है." तेव्हापासून ते सगळ्यांचे लंगोटवाले डॉक्टर झाले.

आयांशी मात्र ते फार हळू बोलत. "दूध थेंबभर आणा, पण तुमचंच आणा," असं प्रत्येकीला सांगत. एखादी सासू बाळाला मध चाटवायला निघाली की दारात हात जोडून उभे राहत. "पेट अभी कच्चा है, माताजी. मुझे चटा दो." सासू हसे, आणि मध डॉक्टरांच्या पोटात जाई.

अमझेरा गावचं एक बाळ चांगलं वाढत होतं. एका सकाळी त्याचं पोट फुगलं, आणि संध्याकाळपर्यंत बाळ गेलं. डॉक्टर पायरीवर बसून राहिले. "भाऊसाहेब, कालच याचा लंगोट पाहिला होता हो मी. डोळ्यांना काही दिसलं नाही."

त्यानंतर त्यांनी लंगोटातल्या शीचे नमुने साठवायला सुरुवात केली. आतड्याच्या अस्तरात एक राखणदार एन्झाइम असतं, जंतूंचं विष ते निकामी करतं, आणि या बाळांत ते मुळातच कमी असतं, असं त्यांनी मला समजावलं. ते ढेपाळलं तर पोट फुगण्याआधीच लंगोटात त्याची खूण सापडेल, असं त्यांना वाटत होतं.

"वाटतं?" मी विचारलं.

"वाटतंच. म्हणून तर मोजायचं."

प्रयोगशाळेच्या डीप फ्रीजरमध्ये छोट्या छोट्या बाटल्या साचत गेल्या. "डॉक्टर, हा दवाखाना आहे की शौचालय?" असं मी चारचौघांत म्हणायचो. ते हसायचे. कितीतरी वर्षं ते हसत राहिले.

मी आमच्या मराठी मंडळाचा चिटणीसही होतो. एका गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी मंडळाच्या सभागृहातला फ्रीज बिघडला. श्रीखंडाची पातेली आली होती, बाहेर ऊन तापलं होतं. मी प्रयोगशाळेची किल्ली घेतली, बाटल्या काढून बादलीत भरल्या, बादली कोठीत ठेवली आणि पातेली आत सरकवली. दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर बाटल्या होत्या तशा परत लावल्या. श्रीखंड लोकांनी मागून मागून खाल्लं. डॉक्टरांनीही वाटी पुढे केली आणि आपल्या बायकोला, आमच्या वहिनींना, म्हणाले, "असं घरी का होत नाही?"

पुढे मोजणी झाली. दगावलेली बाळं आणि ठणठणीत घरी गेलेली बाळं, यांत काही फरकच निघेना. ते एन्झाइम सगळीकडेच निपचित. डॉक्टर माझ्या खोलीत आले. "माझंच चुकलं, भाऊसाहेब. बरं झालं, आयांना काही बोललो नव्हतो."

उन्हाळ्यात बाहेर राहिलेल्या नमुन्यांत एन्झाइम टिकत नाही, एवढं त्यांच्याच तोंडून ऐकून मला माहीत होतं. मी चहा मागवला. पदाची लाज, मंडळाची लाज, आणि त्यांच्याशी रोज गाठ पडणार याची भीती. चहा पिऊन ते उठले. बाटल्या त्यांनी स्वतःच फेकून दिल्या. त्या दिवसानंतर ते पेटीजवळ गेले की आधी बाळाचं तोंड बघू लागले.

निवृत्तीनंतर मी धारला आलो. सांगायचं म्हणून दोनदा देवासला गेलो, आणि दोन्ही वेळा त्यांच्याकडे जेवून परत आलो. आता ते गेले. शोकसभेत त्यांचे एक जुने सहकारी प्रेमानेच म्हणाले, "माणूस सोन्यासारखा, पण लंगोटांच्या नादात उगाच वर्षं घालवली." सभा हसली. मीही हसलो.

वहिनी पहिल्या रांगेत होत्या. बाहेर पडताना त्यांनी मला गाठलं. "भाऊसाहेब, तुम्ही जवळून पाहिलंत. हे खरंच एवढे चुकले होते का हो? शेवटपर्यंत तेच घोकत होते."

मी म्हणालो, "घरी येऊन बोलतो, वहिनी."

ते बरोबर होते की नाही, हे मलाही ठाऊक नाही. मोजूनही कदाचित काही निघालं नसतं. पण त्यांच्या हातात आलं ते उत्तरच नव्हतं, माझ्या बादलीत ते आधीच नासलं होतं.

उद्या सकाळच्या बसने मी देवासला जाणार आहे. वहिनी आधी पाणी देतील, मग चहा ठेवतील, आणि मी स्वतःला ओळखतो. म्हणून हे लिखाण आजच मंडळाच्या अंकासाठी देऊन टाकलं आहे. वहिनी तो अंक पहिल्या पानापासून वाचतात.