मोठा टॉवेल, छोटा टॉवेल

मुलांनो, हे तुमची आई तुम्हाला वाचून दाखवेल. वाचताना मधे ती थोडी थांबेल. थांबू द्या.

फेब्रुवारीच्या सुट्टीत आजोबा आणि मी जपानमधल्या गरम झऱ्यांच्या एका गावी जाऊन आलो. आजोबांना आधी ते पटत नव्हतं. ऑगस्टमध्ये इथे आखातात, आमच्या बनेद अल-गारच्या घरात थंड पाण्याचा नळ सोडला तरी हात भाजतो, मग गरम पाण्यात बसायला विमानाने कशाला जायचं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी बर्फ बघायला मिळेल म्हणून तयार झाले.

मला मात्र ते पाणीच हवं होतं. माझं छातीचं ऑपरेशन झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. एका बाजूला आता सपाट त्वचा आणि एक आडवा व्रण आहे. तेव्हापासून मी कपाटाच्या दाराआड कपडे बदलते. तुम्हा दोघांना गच्चीवरच्या पूलमध्ये पोहायला मीच शिकवलं, पण गेल्या वेळी तुम्ही आलात तेव्हा मी काठावर खुर्चीत बसून राहिले. धाकटीने विचारलं, “आजी, व्हाय डू यू ऑलवेज जस्ट सिट?” मी तिचे केस पुसत राहिले. तो प्रश्न माझ्याबरोबर जपानला आला.

तिथल्या सामायिक स्नानगृहात बायका वेगळ्या, पुरुष वेगळे. पण अंगावर कपडा चालत नाही. मी नियम आधीच वाचले होते, म्हणून खोलीत स्वतंत्र टब असलेली सराई शोधली. जुनी लाकडी इमारत, दारात चपला काढायच्या, खोलीत चटया, आणि आपण जेवून येईपर्यंत कुणीतरी गाद्या घालून ठेवलेल्या. पहिल्या संध्याकाळी मी खोलीतल्या टबात अंघोळ केली. पाणी छान होतं. तरी खिडकीतून खालच्या कुंडाची वाफ दिसत होती आणि माझं लक्ष तिकडेच.

दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर, तिथे कुणी नसेल अशा बेताने, मी खाली गेले. खोलीतला मोठा टॉवेल परकर बांधतात तसा छातीवर घट्ट गुंडाळला आणि आत शिरले. आत एक आजीबाई होत्या, माझ्याहून बऱ्याच मोठ्या. कुंडात उतरण्याआधी बुटक्या स्टुलावर बसून, बादलीतलं पाणी घेऊन अंग धुवायचं असतं. ते मला शिकवावं लागलं नाही, लहानपणी आम्ही मोरीत तसेच बसायचो. मी टॉवेलसकट बसले आणि टॉवेलसकटच अंगावर पाणी ओतलं.

तेवढ्यात तिथे काम करणारी बाई आली. तो भिजून जड झालेला टॉवेल बघून तिलाच वाईट वाटलं असावं. मोठा टॉवेल बाहेर ठेवायचा असतो, आत फक्त हातरुमालाएवढा छोटा न्यायचा, हे तिने खुणांनी सांगितलं. मग कोरडा आणून देते अशी खूण करून, वाकून नमस्कार करत तिने माझा टॉवेल हळूच सोडवून नेला. इतक्या अदबीने की नको म्हणायला मला वेळच मिळाला नाही.

मी छोटा टॉवेल छातीशी धरून बसले. आजीबाईंनी पाहिलं. व्रण त्यांना दिसला, हे मला कळलं. त्या काहीतरी बोलल्या, मला एक शब्द समजला नाही. मग त्यांनी साबण माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे पाठ केली. त्यांचा हात पाठीपर्यंत पोहोचत नव्हता, एवढंच.

साबण धरायला मला दोन्ही हात लागले. छोटा टॉवेल मांडीवर पडला. दिवाळीच्या पहाटे तुमच्या पाठीला उटणं लावायचे तशी मी त्यांची पाठ चोळली. मग त्यांनी मला वळायला लावलं आणि माझी पाठ चोळली, चांगली जोरात. ऑपरेशननंतर डॉक्टर आणि नर्स सोडून कुणाचा हात मी अंगाला लागू दिला नव्हता.

नंतर आम्ही दोघी कुंडात गळ्यापर्यंत बसलो. त्यांनी छोटा टॉवेल घडी करून डोक्यावर ठेवला, मीही ठेवला. बाहेर बर्फ पडत होता.

आजोबा ओसरीवर वाट बघत होते. “अगं, मी दोनदा उकडून निघालो. तू कुठे होतीस?”

“पाठ चोळून घेत होते,” मी म्हटलं. त्यांनी सरकून मला बाकावर जागा करून दिली.

एप्रिलमध्ये तुम्ही याल तेव्हा पूलचं पाणी छान कोमट असेल. माझा पोहण्याचा पोशाख कपाटात तळाशी सापडला. धुऊन बाल्कनीत वाळत घातलाय. एका बाजूने तो सैल बसतो. धाकटे, तू ते बघशील आणि विचारशील. विचार. आपण पाण्यात बोलू.