अमोनियाचे अजून चार थेंब

मी पदवीधर झालो तो जाधव मॅडममुळे. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी त्या आमचं इनऑरगॅनिकचं प्रॅक्टिकल घेत. वर्गात सगळं इंग्रजीत चाले आणि मला काहीच कळत नसे. दिवाळीच्या सुट्टीत गावी जायचं आणि परत यायचंच नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

त्या दुपारी मोरचुदाच्या फिकट निळ्या पाण्यात मी अमोनियाचे थेंब टाकले आणि पाणी गढूळ झालं. मी टेस्ट ट्यूब घेऊन बेसिनकडे निघालो.

“कुठे चाललास?”

“बिघडलं, मॅडम. गढूळ झालं.”

“होणारच. अजून चार थेंब टाक.”

“ज्यानं गढूळ झालं, तेच?”

“तेच. आणि तेराव्याला बसल्यासारखं तोंड करू नकोस.”

मी टाकले. गढूळपणा हळूहळू विरघळला आणि मागे राहिला एक गर्द, नितळ निळा रंग. मी नळी खिडकीपाशी धरली. ऊन त्यातून माझ्या मनगटावर उतरलं. माणसं कितीतरी गोष्टी अशा मधल्याच गढूळ क्षणी ओतून देत असतील, असं वाटत राहिलं.

सुट्टी संपल्यावर मी परत आलो. तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा मॅडमना पत्र लिहिलं:

“मॅडम, पास झालो. आमच्या घरातला मी पहिलाच. आई रोज विचारते, तू नेमकं काय शिकलास? मला नीट सांगता येत नाही. एकदा घरी याल का?”