छातीतली कय

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी जरा मोठ्यानं सांगते, सांगायलाच पाहिजे. विज्ञानाची पदवी वाशीमला घेतली, पुढचं शिक्षण नागपूरला. आता अकोल्याच्या एका दवाखान्यात नोकरी करते. ऑपरेशनच्या वेळी हृदय थांबवतात, तेवढा वेळ अंगातलं रक्त फिरवत ठेवणारं यंत्र असतं. ते मी चालवते. वाशीमजवळच्या अनसिंगला गेले की लोक विचारतात, "म्हंजे नर्सच ना?" मी दर वेळी नाही म्हणते आणि दर वेळी पहिल्यापासून समजावून सांगते. मला त्याचा कंटाळा येत नाही.

आमच्या भागातल्या हृदय आणि छातीच्या सर्जन लोकांची एक संघटना आहे. वर्षातून एकदा त्यांचं अधिवेशन भरतं. कुणी कोणतं अवघड ऑपरेशन कसं केलं, कुठं फसलं, कुठं जमलं, ते एकमेकांना सांगतात. आजवर ते नागपूरच्या मोठ्या हॉटेलातच व्हायचं. त्या वर्षी आमच्या दवाखान्यातले सर्जन, आमचे सर, सचिव झाले. तयारीच्या पहिल्या बैठकीला यंत्रावरच्या कार्यशाळेसाठी त्यांनी मलाही बसवलं. जागेवरून बोलणं चाललं होतं, तेव्हा मी म्हटलं, "वाशीमला घ्या ना."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. अध्यक्ष मोठे गमतीदार. म्हणाले, "वाशीमला विमानतळ आहे का?"

"नाही सर. पण पेशंट आहेत. तेच तुमच्याकडं येतात आणि फार उशिरा येतात. एक दिवस तुम्ही या त्यांच्याकडं."

आमचे सर हसले. "हिच्यावर सोपवा सगळं. बोलली ना, आता करेल."

मी केलं. पण वाशीम म्हणण्यामागं माझा एक घरचा मतलब होता. माझी आत्या.

आत्या अनसिंगला राहते. मी शाळेत असताना परीक्षेच्या दिवसांत तिच्याकडेच असायची. ती शेतातून थकून यायची आणि तरी मला अभ्यासावरून उठू द्यायची नाही. अलीकडे तिच्या छातीत चालताना दुखायला लागलं होतं. घरच्यांनी एकदा तालुक्याच्या गावी एका तरुण डॉक्टरला दाखवलं. तो बाहेरून आलेला. आत्यानं सांगितलं, "डाक्टरसायेब, छातीत कय येते."

आमच्याकडे ळ तोंडात टिकत नाही, त्याचा य होतो. काळा तो काया, डोळा तो डोया, आणि कळ ती कय. त्या डॉक्टरला ऐकू आलं "छातीत काय येते?" त्याला वाटलं, म्हातारी प्रश्न विचारतेय. तो हसून म्हणाला, "आजी, छातीत हृदय येतं, फुप्फुसं येतात. तुम्हाला गॅस झालाय." आणि गोळ्या दिल्या.

आत्या घरी आली ती ठरवूनच. "ज्याले बोल्ली समजत नाई, त्याले छाती काय समजन?" त्यानंतर ती कुठल्याच डॉक्टरकडे गेली नाही. मी अकोल्याला चल म्हटलं की म्हणायची, "तुया डाक्टर तर पुन्याचा हाय. तो तर आनखीच समजनार नाई."

म्हणून अधिवेशनाच्या आदल्या दुपारी लोकांसाठी तपासणी ठेवायची, असा मी हट्ट धरला. आत्याला अकोल्याला नेता येत नाही, तर अकोला वाशीमला आणू.

कामाला लागले. मंगल कार्यालय ठरवलं, पडदा आणि प्रोजेक्टर आणवला, पाहुण्या डॉक्टरांच्या राहण्याचं पाहिलं. जेवणाला मी निखाऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण सांगितलं. स्वयंपाकाचा ठेका घेतलेले काका विचारात पडले. "ताई, हे तर हार्टवाले डाक्टर. तुपात बुडोलेला रोडगा खातीन का?"

"दुसऱ्यांना नको म्हणतात काका. स्वतः खातात."

"मंग तुपाचा डबा वाढोतो."

तपासणीचे फ्लेक्स मी स्वतः लिहून दिले. अनसिंग, शिरपूर, मंगरूळपीर, सगळीकडच्या स्टँडवर लावायचे होते. वर मोठ्या अक्षरात: "छातीत कय येते का?" त्याखाली दिवस, वेळ, जागा, आणि मोफत. मला त्या ओळीचा अभिमान वाटत होता. आमची बोली फ्लेक्सवर फक्त विनोदाच्या कार्यक्रमासाठी येते. डॉक्टरांच्या फ्लेक्सवर ती मी आणली होती.

तपासणीच्या आदल्या दिवशी आत्याला पटवायला अनसिंगला गेले. एसटीतून उतरले, समोर फ्लेक्स. वाचला आणि जागीच उभी राहिले. "छातीत काय येते का?"

चहाचा टपरीवाला मला ओळखत होता. तिथूनच ओरडला, "काय येते म्हंजे? रागच येते ताई! भाव पाह्यला का सोयाबीनचा?" बाकावरचे सगळे हसले. मला हसू आलं नाही.

सरांना फोन लावला.

"हो, ते मीच दुरुस्त करायला सांगितलं," सर म्हणाले. "काना राहिला होता. एवढ्या मोठ्या अक्षरात चूक बरी दिसत नाही."

"सर, ती चूक नव्हती. ती कळ होती."

मग मी त्यांना काया, डोया, कय सगळं सांगितलं. आत्याची गोष्टही सांगितली. 

"मग सरळ 'कळ' लिहायचं ना."

"कळ वाचून पुण्याचा माणूस येईल सर."

ते हसले, पण लगेच गंभीर झाले. "आता काय करायचं?"

"काना पुसते."

फ्लेक्सचा रंग पांढरा होता, ते बरं झालं. शिरपूर आणि मंगरूळपीरला ज्यांनी फ्लेक्स लावले त्यांना फोन केला, थोडा पांढरा ऑइलपेंट घ्या आणि 'काय'चा काना झाका म्हटलं. अनसिंगचा मी स्वतः करायला घेतला. टपरीवाल्यानं बाक आणून दिला. मी त्यावर चढले, तेवढ्यात आत्या आली. तिला गावातल्या पोरींनी सकाळीच वाचून दाखवलं होतं.

"ऐकलं म्या," ती खालून म्हणाली. "तुया डाक्टरायले आजूनही तेच इचारनं हाय. छातीत काय येते! आनि तू त्यायच्यासाठी बाकावर चढून राह्यली."

"पुसून राह्यली आत्या. चुकून काना पडला."

"काना म्हंजे?"

"ही उभी काडी. ही गेली का कय होते."

आत्याला अक्षर येत नाही. तिनं टपरीवाल्याला विचारलं, "वाच रे, काय झालं आता?"

त्यानं वाचलं, "छातीत कय येते का."

आत्या पदर तोंडाला लावून पाहत राहिली. मी विचारलं, "येशीन ना उद्या?"

"पाहीन," म्हणाली आणि घराकडे निघाली. मी मागून तिचं चालणं पाहत होते. पिंपळाशी थांबली, एक हात छातीवर ठेवला, मग पुन्हा चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात लोक येऊ लागले. शिरपूरहून बायका आल्या, मंगरूळपीरचे म्हातारे बसनं आले. डॉक्टर मंडळी टेबलं लावून बसली होती. माझं लक्ष दारावर. माणसं येत होती, जात होती, आत्या नव्हती. सर माझ्याकडे पाहायचे, मी मान हलवायची. दुपार कलली. एका टेबलावरची फाईल मी उगाच नीट लावत होते, तेव्हा ओळखीचा आवाज आला, "काहून वं, जेवली का नाई?"

नवं लुगडं नेसून आत्या उभी होती. कशी आली, कोणासोबत आली, विचारायची मला शुद्ध नव्हती. मी तिला सरळ सरांच्या टेबलाशी नेलं.

"जयभीम डाक्टरसायेब," ती म्हणाली आणि खुर्चीच्या टोकावर बसली.

"जयभीम आत्याबाई." सरांनी घसा साफ केला. सकाळपासून ते मनातल्या मनात घोकत असावेत. "छातीत... कय येते का?"

उच्चार पुण्याचाच होता. 'क' जरा जास्त जपून ठेवलेला. आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"येते," ती म्हणाली. "चालून राह्यली का येते. थांबली का जाते. डाव्या हातात उतरते. पह्यले चढावर यायची, आता सपाटीवरही येते. रातच्याले नाई येत."

इतक्या दिवसांचं एका दमात सांगून मोकळी झाली. सरांनी मध्ये तोंड घातलं नाही. ईसीजी काढला, आणखी थोडं विचारलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "अँजिओग्राफी लगेच. बहुतेक बायपासच लागेल. सगळं तर तिनंच सांगितलं."

मी आत्याला सांगितलं. लपवलं नाही.

"तूर सोंगू दे, उभी हाय वावरात," ती म्हणाली.

"तूर दुसरं कोणी सोंगेल. सोमवारी दवाखान्याची गाडी येते."

 पलीकडे डॉक्टर लोक रोडग्यांवर तूप घेत होते, एक जण आणखी मागत होता. आत्यानं ते पाहिलं, गालात हसली आणि मग मला विचारलं, "ते रगत फिरोयाचं यंत्र तूच चालोशीन ना?"

इथं हो म्हटलं असतं तर सोपं झालं असतं. पण मी तिला कधी खोटं सांगितलेलं नाही. "नाई आत्या. घरच्या मानसासाठी दुसऱ्याले बसोतात. मी बाहीर राहीन."

"दुसरा कोन?"

"माझ्यासोबतचा आहे एक. हुशार आहे. नाशिकचा."

आत्यानं पदर सावरला, उठली, तुपाच्या डब्याकडं एकदा पाहिलं.

"सोमवारी येतो मंग," ती म्हणाली. "पन त्या नाशिकवाल्याले आदीच सांगून ठेवजो, कय म्हंजे काय ते."