हार कुत्र्याच्या गळ्यात

पंधरा ऑगस्टला अल्लीपूरच्या शाळेत एका निवृत्त फौज्याचा सत्कार होता. सीमेवर सुरुंग हुंगणारा त्याचा म्हातारा कुत्राही सोबत मंचावर आला. मी बायकांत मागे बसले होते.

"त्याले खाली बांधा, मंच घाण होते," प्रमुख पाहुणे म्हणून आलेले नेते म्हणाले.

फौज्याने आपला हार काढून कुत्र्याच्या गळ्यात घातला. "सुरुंगात समोर हाच राहे, साहेब. मी त्याच्या मांगं."

तेवढ्यात कुत्रा नेत्यांची खुर्ची हुंगून तिथेच बसला.

"बारूद असली का हा असाच बसते," फौजी म्हणाला.

मघाशी भाषणात देशासाठी प्राण देऊ म्हणणारे नेते सगळ्यांच्या आधी पळाले. खुर्चीखालच्या पिशवीत त्यांच्याच स्वागतासाठी आणलेले सुतळी बॉम्ब निघाले.

त्यानंतर कुत्र्याला खाली उतरवा म्हणायला मंचावर कोणी उरलंच नव्हतं.