बस सुटेपर्यंत

कार्यक्रम आठवड्यावर आला होता आणि आम्ही चौघं जे. पी. नगरच्या आमच्या घरात, सोफा भिंतीला सरकवून, तालमीला बसलो होतो. दोन व्हायोलिन, एक जमिनीवर टेकवून वाजवायचा मोठा चेलो आणि माझा व्हायोला, जो व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा आणि खर्जातला असतो. रचना माझी होती. आईवडील निपाणीजवळचं गाव सोडून बेंगळूरला कसे आले, यावरची.

दुसरा भाग मी अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, आठवणीवर बेतला होता. त्यांना इथल्या सरकारी कारखान्यात नोकरी लागली तेव्हा आजोबा स्टँडवर पोचवायला आले, सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोघंही रडली. ही गोष्ट अण्णांनी आम्हाला कितीतरी वेळा सांगितली होती. त्यावर चेलोला मी एक लांब, रडवेली धून दिली होती.

ती संपली तेव्हा आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. अण्णा कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे मिटून ऐकत होते.

"हे खोटं वाजवायलाय तुम्ही," आई म्हणाली. "मी रडले नव्हते. आणि मामंजी स्टँडवर आलेच नव्हते."

आईने ट्रे खाली ठेवला आणि आमच्या तिघा पाहुण्यांसमोर, उभ्याउभ्याच सांगितलं. आजोबांनी मुलाला जायची परवानगी दिली होती, सुनेला नाही. सुनेने घरी राहून रांधायचं, तंबाखूच्या कामाला जायचं. तेव्हा आईने माहेरी जाते म्हणून सांगितलं, पिशवीत चार लुगडी भरली आणि स्टँडवर येऊन बेंगळूरच्या बसमध्ये अण्णांशेजारी बसली. "कुणीतरी येऊन मला खाली उतरवील, म्हणून जीव मुठीत धरून बसले होते. रडायला सवड कुठं होती?"

अण्णा उठून आत गेले. तालीम तिथेच मोडली.

पुढचे काही दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज. अण्णा ताट घेऊन टीव्हीसमोर बसत. आईशी कामापुरतं बोलत, माझ्याशी तेवढंही नाही. मी आईला विचारलं की तो भागच काढून टाकू का. ती म्हणाली, "काढू नको. लिहायच्या आधी मला विचारलं नव्हतंस. आता ऐकलंयस, तर बरोबर लिही."

मी चेलोची धून काढली. तिघांना तुटक, दाबलेले स्वर दिले, दार वाजावं तसे. व्हायोलाला एकच बारीक सूर, आणि मग, बस सुटायची वाट बघावी तसं, सगळ्यांनी एकदम थांबायचं. पहिलं व्हायोलिन वाजवणारी माझी मैत्रीण वैतागली. लोकांना आवडणारी तेवढी एकच जागा होती, तीच मी घालवली, असं तिचं म्हणणं. मलाही तशीच भीती होती, पण त्याहून मोठी भीती अण्णांची होती.

कार्यक्रमाला ते आले. आई पुढे बसली, ते मागे, दाराजवळ. दुसरा भाग सुरू झाल्यावर मी त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. ती थांबायची जागा आली. आम्ही चौघांनी गज तारांवरून उचलले. सभागृह गप्प झालं आणि त्या गप्पपणात मागे खुर्ची करकरली. अण्णा उभे राहिले होते. चालले, असंच मला वाटलं. पण ते गेले नाहीत. भाग संपेपर्यंत तसेच उभे होते आणि मग बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं जमिनीवर पेपर पसरून अवरेकाईच्या, म्हणजे आपल्या पावट्याच्या, शेंगा सोलत होती. मीही बसले. अण्णा म्हणाले, "बस सुटायच्या आधी मी खाली उतरलो होतो."

आईचे हात थांबले नाहीत.

आजोबांच्या धाकाने आपण उतरलो, असं त्यांनी सांगितलं. ते खाली उभं राहून खिडकीतून आईला म्हणाले की तू खरंच माहेरी जा, मी नंतर घेऊन जातो. आई समोर बघत राहिली. कंडक्टरने बेल मारली तेव्हा ते धावत चढले.

"हे मी कुणाला सांगितलं नाही," आई म्हणाली.

"ठाऊक आहे. म्हणून मी सांगितलं." ते माझ्याकडे वळले. "ती थांबायची जागा आहे ना, ती स्वल्प लांब पाहिजे. बस एवढ्या लवकर सुटली नव्हती."

आई म्हणाली, लगेच सुटली होती. त्यावर दोघांचं अजून एकमत झालेलं नाही, आणि मीही ती जागा बदललेली नाही.